म्हाताऱ्या संगणकाचा दुसरा डाव

२०२५ च्या दिवाळीआधीची आवराआवर चालली होती. माळ्यावरचे डबे खाली उतरले, रद्दीचे गठ्ठे बांधून झाले आणि घराची नजर फिरत फिरत कोपऱ्यातल्या संगणकावर येऊन थांबली. त्याच्या पडद्यावर गेले काही महिने एकच सूचना सारखी उमटत होती. विंडोज १० चे आयुष्य १४ ऑक्टोबर २०२५ ला संपते आहे आणि हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही! नाशिकपासून इंदूर-बडोद्यापर्यंत कितीतरी घरांत ही सूचना वाचली गेली आणि पुढचा प्रश्नही सगळीकडे एकच होता: आता याचे करायचे काय?

असेच एक घर डोळ्यांसमोर आणू. संगणक घेतला २०१४ साली, थोरल्या मुलीच्या बारावीच्या वेळी. मुलगी शिकून बंगळुरूला नोकरीला लागली आणि संगणक आईच्या वाट्याला आला. आई घरी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतात. मुले त्यांना ‘बाई’ म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणू. बाईंची दर शनिवारी चाचणी ठरलेली. वीस-बावीस मुलांच्या प्रश्नपत्रिका घरच्याच लेझर प्रिंटरवर निघतात. अकरा वर्षांत तयार केलेली शेकडो गणिते त्या संगणकाच्या पोटात आहेत. मुलीच्या लग्नाचे फोटो आहेत ते निराळेच.

“अहो, चांगला चालतोय की हा! नुसता हळू झालाय,” बाई म्हणाल्या.

“हळू झालाय म्हणजेच म्हातारा झालाय,” यजमानांचा निकाल. “नवा घ्यायचा तर चाळीस-पंचेचाळीस हजार कुठे गेले नाहीत. आणि हा भंगारवाल्याला.”

पुण्याला अभियांत्रिकीला असलेला भाचा सुटीसाठी आलेला होता. तो चकली मोडत मध्येच म्हणाला, “मामी, थांब जरा. भंगारात कशाला घालतेस? लिनक्स टाकू. दोन दिवस दे मला.”

प्रत्यक्षात त्याला पाच दिवस लागले. पण ती हकिकत पुढे.

मुदत संपली म्हणजे काय झाले?

पहिली गोष्ट म्हणजे १४ ऑक्टोबरला कोणाचाही संगणक बंद पडला नाही. विंडोज १० बाजारात आली जुलै २०१५ मध्ये. दहा वर्षे तिच्यातली भोके बुजवण्याचे काम मायक्रोसॉफ्ट कंपनी दर महिन्याला फुकट करीत होती, ते त्या दिवशी थांबले. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा देणारी एक योजना कंपनीने जाहीर केली. पण तीही नावनोंदणी करणाऱ्यांसाठी आणि वर्षभराचीच. कुलूप जुने झाले, त्याच्या किल्ल्या चोरांच्या हाती पडू लागल्या आणि कुलूपवाल्याने दुरुस्ती बंद केली, असे समजा. त्याच संगणकावरून बँकेचे व्यवहार करायचे असतील, तर काळजी करायलाच हवी.

मग विंडोज ११ का नाही? कारण तिच्या अटी. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक बाद! बाईंच्या संगणकात चौथ्या पिढीचा आय-थ्री होता. यंत्र धडधाकट होते, फक्त पंक्तीतून उठवले गेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला. त्यात असे धडधाकट किती असतील?

भांडण मुळात प्रिंटरचेच

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, संगणकाचा सारा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ती फुकट मिळते, कोणीही तिची प्रत दुसऱ्याला देऊ शकतो आणि तिच्या पोटात काय आहे ते कोणीही उघडून पाहू शकतो. या शेवटच्या गोष्टीमागे गंमत आहे, ती अशी की सगळी कथा सुरू झाली ती एका प्रिंटरवरून!

१९८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला. तो दुसऱ्या मजल्यावर असायचा आणि कागद अडकला की गप्प बसायचा. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तरुणाने जुन्या प्रिंटरच्या वेळी एक सोय करून ठेवली होती. कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्या सर्वांच्या पडद्यावर निरोप जायचा. नव्या प्रिंटरला तीच सोय करावी तर त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूरच कंपनीने दिलेला नव्हता. ज्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाजवळ तो होता, त्याने ‘कोणाला देणार नाही’ असे लिहून दिले होते. स्टॉलमन चिडले. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला: सगळी सॉफ्टवेअर खुली, सगळ्यांची!

त्यात एक महत्त्वाचा भाग अपुरा राहिला होता, तो पुरवला फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने जगाला कळवले की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम करीत आहोत. त्यात त्याने अशीही कबुली दिली होती की आपल्याजवळ आहे त्या प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज दुसरे काही ती बहुधा कधी ओळखणार नाही. तीच लिनक्स आज जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांवर चालते. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही तिचाच. केरळच्या सरकारी शाळांतली लाखो मुले तिच्यावरच संगणक शिकली आणि २०२३ मध्ये आपल्या संरक्षण मंत्रालयाने ‘माया’ नावाची जी सिस्टिम स्वीकारली, तिचा पायाही लिनक्सच.

तेव्हा ‘फुकट मिळते ते कसले असणार’ ही शंका यजमानांनी बोलून दाखवली, तेव्हा भाच्याने नुसता त्यांचा मोबाइल उचलून दाखवला.

आधी चाखून पाहा

लिनक्सचे एकच रूप नाही. ठिकठिकाणच्या मंडळींनी आपापल्या पद्धतीने तिच्या गाठोड्या बांधल्या आहेत. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट ही त्यांतली काही नावे. विंडोजची सवय असलेल्या घराला लिनक्स मिंट बरी पडते. खाली डाव्या कोपऱ्यात यादी, उजवीकडे घड्याळ, सगळे ओळखीचे. तिच्यातही एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार आहे. चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्राला तोच घ्यावा. मिंटच्या २२ व्या मालिकेची मुदत २०२९ पर्यंत आहे. संगणक फारच जुना, ३२ बिटचा असेल तर मात्र पर्याय थोडे आहेत. उबुंटूने २०१७ मध्ये आणि डेबियनने २०२५ च्या आवृत्तीपासून अशा यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. अँटिएक्ससारखी एखादी गाठोडी त्यांना अजून सांभाळून घेते.

लिनक्सची सर्वांत सोयीची गोष्ट म्हणजे ती बसवण्याआधी चालवून पाहता येते. सुमारे तीन जीबीची एक फाइल उतरवून घ्यायची. ती आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून भागत नाही, रूफस किंवा एचर अशा छोट्या प्रोग्रॅमने ‘लिहावी’ लागते. मग संगणक सुरू होतानाच एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी जी कळ त्या कंपनीने ठरवली असेल ती दाबत राहायचे आणि पेनड्राइव्ह निवडायचा. आतल्या हार्ड डिस्कला धक्काही न लागता लिनक्स समोर उभी राहते. थोडी संथ असते, कारण ती पेनड्राइव्हवरून चालत असते. आवडली नाही तर पेनड्राइव्ह काढा, संगणक पूर्ववत!

या चाखण्याच्या वेळात काय पाहायचे ते मात्र कागदावर लिहून बसावे. आवाज येतो का, इंटरनेट लागते का, कॅमेरा दिसतो का, प्रिंटर छापतो का आणि नेहमीच्या फायली उघडतात का. बहुतेक लोक पडद्यावरचे सुंदर चित्र पाहून खूश होतात आणि लगेच ‘बसवा’ हे बटण दाबतात. तिथेच फसतात.

बाईंच्या घरी याच वेळी पहिला हादरा बसला. भाच्याने एक जुनी प्रश्नपत्रिका उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबांचा कचरा!

“अरे, हे काय झालं? माझी गणितं गेली की काय?”

गणिते गेली नव्हती. पूर्वी मराठी टाइप करण्यासाठी श्रीलिपी, कृतिदेव यांसारखे फाँट वापरले जात. त्यांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असते, फाँट फक्त त्याला मराठीचा मुखवटा चढवतो. तो मुखवटा नसला की खाली काय आहे ते दिसते. हल्लीच्या युनिकोडमध्ये ‘क’ हा जगभर ‘क’च राहतो. बाईंच्या २०१८ पर्यंतच्या सगळ्या प्रश्नपत्रिका जुन्या पद्धतीच्या होत्या.

भाच्याने पेनड्राइव्ह काढला, पुन्हा विंडोज सुरू केली आणि दोन कामे केली. सगळ्या जुन्या प्रश्नपत्रिका पीडीएफ करून ठेवल्या, कारण पीडीएफमध्ये फाँट आतच बांधला जातो आणि पान कुठेही तसेच दिसते. ज्यांत पुढेही बदल करायचे होते अशा साठेक फायलींचा मजकूर त्याने रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून युनिकोडमध्ये आणला. रफार आणि जोडाक्षरे काही ठिकाणी बिघडली, ती बाईंनी फराळ करता करता रात्री दुरुस्त केली. हे सारे बाहेरच्या एका हार्ड डिस्कवर गेले, लग्नाच्या फोटोंसह. मिंट बसवताना ‘सगळी डिस्क पुसून बसवा’ असा एक पर्याय येतो. तो खरोखरच सगळे पुसतो! जवळ दुसरी प्रत नसेल तर त्या बटणाच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी जुनी फिरती हार्ड डिस्क काढून भाच्याने तिच्या जागी एसएसडी बसवली आणि मेमरी चारची आठ जीबी केली. नव्या संगणकाच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ, पण फरक डोळ्यांत भरणारा. खरे सांगायचे तर जुना संगणक पळायला लागल्याचे श्रेय लोक लिनक्सला देतात, त्यातले निम्मे या एसएसडीचे असते. मिंट बसायला अर्धा तासही लागला नाही.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

संगणकाला जोडलेले प्रत्येक यंत्र आपापल्या भाषेत बोलते. प्रिंटरची भाषा वेगळी, कॅमेऱ्याची वेगळी, आवाजाच्या चिपची वेगळी. ऑपरेटिंग सिस्टिमला या सगळ्या भाषा कशा कळणार? मध्ये एक दुभाष्या लागतो. त्या दुभाष्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी हा दुभाष्या यंत्र बनवणारी कंपनी स्वतःच लिहून देते. पूर्वी खोक्यात सीडी यायची ती त्याचीच. लिनक्समध्ये पद्धत उलटी. बहुतेक ड्रायव्हर तिच्या गाभ्यातच समाविष्ट असतात. त्या गाभ्याच्या मजकुरात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक नुसत्या ड्रायव्हरच्या आहेत! म्हणूनच मिंट सुरू झाल्याबरोबर बाईंच्या संगणकाचा आवाज, कॅमेरा, पडदा सारे काही न मागता चालू झाले. कोणतीही सीडी नाही की शोधाशोध नाही.

अडचण येते ती कंपनीने आपल्या यंत्राची भाषा गुप्त ठेवली की. मग जगभरातले हौशी जाणकार ते यंत्र काय बोलते ते ऐकून ऐकून व्याकरण मांडतात. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिपच्या बाबतीत वर्षानुवर्षे हेच चालले. २०१० मध्ये कंपनीने आपल्या काही नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडियावर तर टोरवाल्ड्स यांचा इतका राग होता की २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात भर सभेत त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून एक अशिष्ट खूण केली. दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्या कंपनीनेही गाभ्यात चालणारा भाग खुला केला. पण तो नव्या कार्डांपुरताच. फारच जुने एनव्हिडिया कार्ड असेल तर हौशी मंडळींनी लिहिलेल्या ‘नूवो’ या ड्रायव्हरवर समाधान मानावे लागते. पत्रे लिहायला, चित्रपट पाहायला तो पुरतो. खेळ खेळणाऱ्या मुलांची मात्र कुरकुर होईल.

मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ नावाची खिडकी आहे. एखाद्या यंत्रासाठी कंपनीचा वेगळा ड्रायव्हर उपलब्ध असेल, तर ती दाखवते आणि एका टिचकीत बसवते. मात्र त्यानंतर संगणक पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येऊन पासवर्ड मागतो तेव्हा घाबरू नये. संगणकातली ‘सिक्युअर बूट’ ही राखण चालू असेल, तर नव्या ड्रायव्हरला तिची परवानगी लागते आणि त्यासाठीच बसवताना आपल्याकडून एक पासवर्ड ठरवून घेतलेला असतो. तोच तिथे द्यायचा. ती संधी चुकली की ड्रायव्हर बसूनही चालत नाही आणि माणूस डोके धरून बसतो.

सीडीचे सोंग घेतलेले वाय-फाय

बाईंच्या संगणकाला इंटरनेट मिळायचे ते मागे खोचलेल्या नखाएवढ्या यूएसबी वाय-फायवरून. मिंटमध्ये ते दिसेना. इंटरनेटशिवाय इंटरनेटचा ड्रायव्हर कसा उतरवणार? हा पेच घराघरांत पडतो. त्यावरचा उपाय सोपा आहे. मोबाइल केबलने संगणकाला जोडायचा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करायचे. लिनक्सला त्यासाठी वेगळे काही लागत नाही, लगेच जोडणी मिळते.

मग यंत्राची ओळख पटवायची. खोक्यावरचे नाव इथे कामाचे नाही, कारण एकाच नावाच्या खोक्यात कंपन्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या चिप घालतात. खरी ओळख म्हणजे यंत्राच्या पोटातला क्रमांक. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली, की यूएसबीला जोडलेल्या सर्वांची हजेरी लागते. संगणकाच्या आतल्या कार्डांसाठी ‘एलएसपीसीआय’. क्रमांकाचा पहिला भाग कंपनीचा, दुसरा त्या नमुन्याचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. १९७८ मध्ये तिने काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचे हेच नाव! रिअलटेकच्या यूएसबी यंत्रांचा शून्य-बी-डी-ए. हा क्रमांक शोधयंत्रात टाकला की नेमकी माहिती मिळते. ‘माझे वाय-फाय चालत नाही’ असे लिहून मिळते ती नुसती चर्चा.

हजेरीत बाईंचे वाय-फाय सापडले, पण ते स्वतःला सीडी म्हणवत होते! हा प्रकार नवा नाही. काही यूएसबी वाय-फाय पहिल्यांदा सीडीचे सोंग घेऊन येतात. त्यांच्यातच विंडोजचा ड्रायव्हर साठवलेला असतो, तो विंडोजने बसवला की ती आपले खरे रूप प्रकट करतात. लिनक्सला त्या सीडीची गरज नसते आणि कधी कधी सोंग उतरवायचे राहून जाते. भाच्याने पडद्यावर दिसणाऱ्या त्या सीडीवर ‘इजेक्ट’ म्हटले. काही सेकंदांत वाय-फाय हजर! ‘यूएसबी मोडस्विच’ हा प्रोग्रॅम नीट बसवल्यावर ते काम रोज आपोआप होऊ लागले.

प्रिंटरचे तीन दिवस

राहिला प्रिंटर. कॅननचा एलबीपी-२९००. भारतात झेरॉक्सच्या दुकानात, वकिलाच्या कचेरीत, शाळेच्या कार्यालयात डोकावा, हा चौकोनी ठोकळा कुठे ना कुठे दिसेलच. टिकाऊ, काटकसरी, वर्षानुवर्षे न कुरकुरता चालणारा. विंडोजवर.

हा असा हट्टी का? महागड्या प्रिंटरला पान समजते. ‘इथे अमुक अक्षर, तिथे रेघ’ असे सांगितले की ते चित्र तो स्वतः तयार करतो. या प्रिंटरात ती अक्कल घातलेली नाही. म्हणूनच तो स्वस्त पडतो. पानाचा प्रत्येक ठिपका संगणकानेच तयार करून कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट नावाच्या भाषेत त्याला पोचवावा लागतो. ही भाषा बोलणारा दुभाष्या नसेल तर प्रिंटर आंधळा. अशी आणखीही नमुनेदार यंत्रे घरोघरी आहेत. एचपीचा लेझरजेट १०२० घ्या. बंद केला की तो स्वतःचा प्रोग्रॅमच विसरतो आणि दर वेळी चालू केल्यावर संगणकाने तो पुन्हा शिकवावा लागतो! पण एचपीने लिनक्ससाठी एचपीलिप हा संच दिला आहे. त्यातली जोडपुरवणी उतरवून घेतली की हे शिकवणे आपोआप होते. हल्लीचे वाय-फायवर चालणारे बरेच प्रिंटर तर ड्रायव्हरशिवायच छापतात, कारण त्यांनी एक समान भाषा मान्य केली आहे.

पहिल्या दिवशी भाच्याने प्रिंटर जोडला. मिंटने नावानिशी ओळखला. छपाईची आज्ञा दिली, पडद्यावर ‘काम पूर्ण’ असे आले, कागद मात्र जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कॅननने लिनक्ससाठी काढलेला ड्रायव्हर उतरवला. त्याचे दोन भाग आहेत, एक सर्वसाधारण आणि दुसरा कॅप्टचा. ते याच क्रमाने बसवावे लागतात. शिवाय त्यातले काही भाग जुन्या ३२ बिट पद्धतीचे असल्याने त्यांना लागणारी ३२ बिटची सामग्री मिंटमध्ये वेगळी आणावी लागते. ती नसेल तर ड्रायव्हर तक्रारही करीत नाही, नुसता गप्प राहतो! आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे हा प्रिंटर दोनदा नोंदवावा लागतो. एकदा लिनक्सच्या नेहमीच्या छपाई खात्यात आणि दुसऱ्यांदा कॅननच्या ‘सीसीपीडी’ या सेवेत. ही सेवा म्हणजे पडद्यामागे सतत जागा असणारा टपालवाला. छपाई खात्याकडून पान घ्यायचे आणि प्रिंटरला पोचवायचे. पहिली नोंद केली आणि दुसरी विसरली, तर टपाल कार्यालयातच पडून राहते.

संध्याकाळी सहा वाजता प्रिंटर घरघरला आणि पहिले पान बाहेर आले. पायथागोरसचा सिद्धांत, आकृतीसह! बाईंनी भाच्याच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला, तर प्रिंटर पुन्हा मुका.

आता मात्र बाईंचा धीर सुटला. सुटी संपत आली होती, शनिवारी चाचणी होती. दहावीची वीस मुले, त्यांच्या पालकांनी भरलेली फी. “तू पुण्याला जाशील रे, मग मी कोणाला विचारू?” हा प्रश्न रास्त होता. लिनक्स बसवून देणारे उत्साही भाचे पुष्कळ असतात. त्यांच्या माघारी यंत्र कोण सांभाळणार याचा विचार थोडेच करतात. यजमान मोबाइलवर नव्या संगणकांच्या किमती पाहू लागले होते आणि कोणी अडवलेही नाही.

दोष दोन निघाले. एक, टपालवाला संगणकाबरोबर आपोआप उठत नव्हता; आदल्या दिवशी भाच्याने त्याला हाताने उठवले होते आणि ते विसरूनही गेला होता. दुसरा दोष अधिक खोल होता. लिनक्स यूएसबी प्रिंटरला सुरू झाल्याच्या क्रमाने नाव देते. पहिला तो शून्य, मग एक. प्रिंटर बंद करून पुन्हा लावला की कधी कधी हे नाव बदलते आणि सीसीपीडी मात्र जुन्याच पत्त्यावर पान टाकत राहते. त्यावर उपाय म्हणजे एका ओळीचा नियम लिहून ठेवायचा: या क्रमांकाचे यंत्र केव्हाही जोडले तरी त्याचे नाव हेच. भाच्याने तो नियम लिहिला, सेवा संगणकाबरोबर सुरू होईल असे केले आणि मग पाच वेळा संगणक बंद-चालू करून, प्रिंटरची वायर काढून-लावून, पाचही वेळा पान छापून पाहिले. सहाव्यांदा बाईंनी स्वतः केले.

त्यानंतर त्याने जे केले ते सगळ्यांनी करण्यासारखे आहे. एका दोनशे पानी वहीत, मराठीत, सगळे लिहून ठेवले. कोणता ड्रायव्हर, कोणत्या क्रमाने, कोणती आज्ञा, प्रिंटर गप्प बसला तर आधी काय पाहायचे. वही संगणकाच्या टेबलाच्या खणात गेली. सोबत तो पेनड्राइव्हही.

कोणी या वाटेला जाऊ नये?

ज्यांचा धंदा टॅलीवर चालतो, त्यांनी सरळ विंडोजचा नवा संगणक घ्यावा. टॅली लिनक्ससाठी निघत नाही. श्रीलिपीत रोज मजकूर जुळवणारे डीटीपीवाले, आधारसाठी अंगठा घेणारी यंत्रे वापरणारी सेवा केंद्रे आणि डिजिटल सहीचे टोकन लावून काम करणारे सल्लागार यांनीही आधी आपल्या यंत्राच्या विक्रेत्याला विचारल्याशिवाय हात घालू नये. एक्सेलमधल्या मॅक्रोंवर चालणारे सरकारी तक्ते लिब्रे ऑफिसमध्ये नीट चालतीलच असे नाही. अशांना एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवता येतात. पण विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करायला विसरू नये. ते चालू असेल तर विंडोज खरी बंद होत नाही, डुलकी घेते. अशा वेळी तिच्या डिस्कवर लिनक्सला काही लिहिता येत नाही.

बाकी घरचे व्यवहार, म्हणजे बँक, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, प्राप्तिकराचे संकेतस्थळ, यूट्यूबवरची कीर्तने आणि पत्रव्यवहार, हे सारे ब्राउझरमध्येच होते आणि ब्राउझर दोन्हीकडे सारखाच. मराठी टाइप करण्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये तयार असतो, सेटिंगमध्ये जाऊन फक्त जोडावा लागतो. ‘लोहित’ आणि ‘नोटो’ हे देवनागरी फाँट फुकट मिळतात. बाईंना इनस्क्रिप्टची सवय व्हायला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा त्यांनी भाच्याला बरेच काही ऐकवले.

डिसेंबरात एकदा प्रिंटर पुन्हा गप्प झाला. त्या दिवशी घरात कोणी नव्हते. बाईंनी खणातून वही काढली, चौथ्या पानावरची ओळ शोधली, काळ्या खिडकीत बोटाने एकेक अक्षर टाइप केले आणि कळ दाबली. काही झाले नाही. मग त्यांचे लक्ष गेले, की ट्रेमधला कागदच संपला होता.